विधवा प्रथा बंदीचा ठराव झाला, पाटी लागली. आता पुढे काय?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी, धागा जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, नाव टाकत नाही, कारण गावातले चारपाच जण इथे वाचतात हे मला माहितीये. मे २०२२ मध्ये हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला ते सगळ्यांना आठवत असेल. शिरोळ तालुक्यातलं गाव, शाहू महाराजांचं स्मृतिशताब्दी वर्ष, आणि ठराव असा की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं हे गावात बंद. करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांनी या विषयाचा पाठपुरावा चालवला होता. मग माणगावनेही ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाचं परिपत्रक निघालं की सगळ्या ग्रामपंचायतींनी हेरवाडचा कित्ता गिरवावा.

आमच्या गावानेही गिरवला. टाळ्या झाल्या, पेपरात फोटो आला, वेशीवर पाटी लागली. पाटीवर ठराव चार ओळींचा आणि बाकी जागेत सरपंच, उपसरपंच आणि सदस्यांचे हात जोडलेले फोटो.

त्यानंतर गावात ज्या ज्या घरातला पुरुष गेला तिथे मी चौकशी केली. एकदोन घरं सोडली तर सगळीकडे जे व्हायचं तेच झालं. मागच्या महिन्यात आमच्या गल्लीत एक जण अॅक्सिडेंटमध्ये गेला, बायको पस्तिशीतली, आमच्याच बचत गटात आहे. ठरावाच्या वेळी हात वर करणाऱ्यांत तीपण होती आणि तिच्या जावापण होत्या. अन् त्याच जावांनी.

आता आम्ही गटातल्या सात-आठ जणी म्हणतोय की यावर काहीतरी केलं पाहिजे. गावातली तरुण पोरं म्हणतात दंड ठेवा, पाच हजार, आपोआप सुधारतील. मला ते पटत नाहीये पण दुसरं काय करावं तेही सुचत नाहीये. कुणाच्या गावात ठरावाचा खरोखर अंमल झालाय का? कसा केला? अनुभव असेल तर लिहा, भाषण नको प्लीज.

चौकस
वाचतोय. चांगला विषय.

खवचट_काका
पाटीवर फोटो मोठे असणं हा ठरावाचा मूळ हेतूच असतो ताई, तुम्ही उगाच चार ओळी वाचत बसलात.

दुसरी_बाजू
माझं मत वेगळं आहे, आधीच सांगतो, लगेच तुटून पडू नका. ज्या घरात माणूस गेलाय तिथे पहिल्या तासाभरात जाऊन सुधारणा शिकवायची गरज आहे का? माझे वडील गेले तेव्हा आईने स्वतःहून कुंकू काढलं, कोणी सांगितलं नव्हतं. आता तुमचा गट येऊन म्हणाला असता की काढू नका, तर तो जाचच झाला असता ना? ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे.

कृष्णाकाठची
@दुसरी_बाजू तुमच्या आईने स्वतः काढलं हे मान्य. पण आमच्या गल्लीत चार बायकांनी तिचे हात धरले होते. या दोन गोष्टी एक कशा?

आबा_मळेकर
मी हेरवाडच्या शेजारच्याच भागातला. ताई, मुद्द्याचं सांगतो. ठराव कागदावर न्हाई चालत आनि भाषणावर तर न्हाईच न्हाई. सगळा खेळ माणूस गेल्यापास्नं तिरडी उचलंपर्यंतच्या दोन-तीन तासाचा हाय. त्या टायमाला त्या बाईला काय सुचत नसतंय, घरातली पुरुष मंडळी लाकडं, डिझेल, पै-पावणे यात गुतलेली असत्यात, आनि आत बायकांच्यात काय चाललंय त्याकडं कोणाचं ध्यान नसतंय. आत कोण असतंय? म्हातार्‍या. आनि त्यातबी ज्यांचं सोताचं कुंकू कवाच पुसलंय त्या. त्यास्नी वाटतंय आमी सोसलं मग हिनं का न्हाई.

आमच्या गावात काय केलं, तर अशा तीन म्हातार्‍याच पयल्या धरल्या. तरण्या पोरी न्हाई, सुनाबी न्हाई. त्यातली एक तर अशी की गावात कुणीबी गेलं की हिला बोलावणं यायचंच, सगळी रीत तिला पाठ. तिच्या घरी आमच्या मंडळीनी चार-पाच येळा बसून नुसतं तिचंच ऐकलं. तिचा नवरा गेला तवा ती एकोणीस वर्षांची. ते सांगताना ती रडली म्हणं, आनि मग सोताच म्हणाली की आता न्हाई करत मी. त्याच्यानंतर ती घरात असली की कुनाची छाती न्हाई बांगडीला हात लावायची. ठराव हाय का न्हाई ते तिला वाचताबी येत न्हाई.

निर्मोही
आबा, दंडवत. धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद.

चौकस
+१. 'वाचतोय' म्हणून गेलो होतो, आता बसलोच.

कायदेकानू
दंडाबद्दल, कारण हे गंभीर आहे आणि पोरं उत्साहात करून बसतील.

ग्रामसभेला असा दंड बसवायचा अधिकार नाही. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा, त्यात ग्रामसभेला बरंच काही करता येतं, पण कुंकू पुसलं म्हणून पाच हजार वसूल करणं त्यात बसत नाही. शासनाचं परिपत्रकही जनजागृतीचं आहे, शिक्षेचं नाही. दंड भरला नाही तर पुढे काय करणार? त्या घराशी बोलायचं नाही, लग्नाला जायचं नाही, इथेच गाडी जाणार. आणि तो तर सरळ गुन्हा आहे. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे, २०१६ चा, २०१७ पासून लागू, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. जातपंचायतींच्या जाचातून लोक सुटावेत म्हणून कार्यकर्त्यांनी भांडून आणलेला कायदा आहे तो. त्याच कायद्याखाली सुधारणावाले आत गेले तर मजाच.

बाकी हात धरून जबरदस्तीने बांगड्या फोडल्या आणि त्या बाईची तक्रार असेल तर आत्ताच्या फौजदारी कायद्यातही बळजबरीची कलमं आहेतच. पण सासरच्या घरात राहून ती तक्रार करणार आहे का, हा खरा प्रश्न.

खवचट_काका
पाच हजार घेऊन पावती देणार का? पावतीवर 'कुंकू कर' लिहायचं का?

सदाफुली
काका =)) =))

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या इकडे अमरावती साईडले हे प्रकार समाजा-समाजात वेगळे हायेत भाऊ. माह्या आजीच्या काळात आमच्या समाजात पाट लावत होते, नवरा मेला का वरीसभरात बाईचं दुसरं लग्न, कोणी नाक मुरडत नव्हतं. मंग शिकलेसवरले झाले, नोकऱ्या लागल्या, अन् म्हणे आपल्यात हे बरं दिसत नाही. म्हणजे वरच्या जातीचं पाहून पाहून जे आपल्यात नव्हतं ते पण उचललं. आता माही मावशी तिशीत विधवा झाली तर तिच्या लग्नाचं नाव काढलं का घरात भांडणं. काहून? तर इज्जत.

इतिहासवेडा
@वऱ्हाडी_ठेचा हा मुद्दा सोन्यासारखा आहे. १८५६ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा ज्यांच्यासाठी आला ते मूठभर लोक होते, बाकी बहुतेक समाजांत पाट, मोहतर चालूच होते. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं तर मुरुडला त्यांच्यावर बहिष्कार पडला, आणि त्याच काळात शेजारच्या वाडीत पाट लागत असणार, कुणाला त्याचं काही नाही.

अवांतर होईल पण सांगतोच, कारण मूळ प्रश्न संघटन कसं करायचं हा आहे. विधवांचं केशवपन बंद व्हावं म्हणून सुधारक लेख लिहीत होते, भाषणं देत होते. १८९० साली नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हाव्यांची सभा भरली आणि आम्ही विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं न्हाव्यांनी ठरवलं. फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतलं काम. म्हणजे ज्याच्या हातात वस्तरा आहे त्यालाच गाठलं. आबांनी त्या रीत पाठ असलेल्या आजींना गाठलं, तेच हे.

आबा_मळेकर
आमाला हे म्हाईत नव्हतं बगा. न्हाव्यांचा संप म्हणजे लईच झालं.

पेठेतला
इतिहासवेडा, लोखंडे कामगार चळवळीचे ना? त्यांचा इथे काय संबंध? संदर्भ?

इतिहासवेडा
तेच लोखंडे, गिरणी कामगारांच्या रविवारच्या सुट्टीवाले. सत्यशोधकच होते ते, दीनबंधू चालवायचे. संबंध कसा नाही?

पेठेतला
बरं बरं. माहीत नव्हतं, विचारलं.

निशिगंध
बराच वेळ लिहू की नको चाललं होतं. मी स्वतः विधवा आहे, सहा वर्षं झाली, कोल्हापूर जिल्हा, खेडेगाव.

आमच्या गावात ठराव झाला तेव्हा आम्हा विधवा बायकांना स्टेजवर बोलावलं. सुवासिनींच्या हातून आम्हाला कुंकू लावलं, बांगड्या भरल्या, साडी दिली, आणि तालुक्याहून आलेले पत्रकार फोटो काढत होते. मला आधी कोणी विचारलं नाही की तुला लावायचंय का. मला नव्हतं लावायचं. श्रद्धा म्हणून नाही, त्या दिवशी त्या गर्दीत नको होतं इतकंच. शेजारची बाई कानात म्हणाली लाव गं, आमदार बघतायत. पुसलं तेव्हाही माझे हात दुसऱ्यांच्या हातात होते आणि लावलं तेव्हाही.

दुसरं म्हणजे मला कुंकवापेक्षा जास्त त्रास सातबाऱ्याने दिला. दीर म्हणायचे नाव लावायची घाई काय आहे, आपण एकच घर आहे ना. दोन वर्षं गेली त्यात. शेवटी माझ्या भावाने मागे लागून वारस नोंद करून घेतली. आणि ज्या दिवशी सातबाऱ्यावर माझं आणि पोरांचं नाव आलं त्या दिवसापासून घरातली भाषा बदलली, आज टिकली लावते, बांगड्या घालते, हळदीकुंकवाला जाते, कोणी चकार शब्द काढत नाही. म्हणून तुमच्या बचत गटाला एकच सांगणं, तिच्या कपाळाकडे बघाच, पण तिच्या कागदाकडे आधी बघा.

कृष्णाकाठची
निशिगंध, काय लिहू कळत नाहीये. थँक्यू. आमच्याकडेही असाच स्टेजचा कार्यक्रम ८ मार्चला घ्यायचं घाटत होतं, मी आजच गटात हे वाचून दाखवते.

सदाफुली
निशिगंध ताई ___/\___

दुसरी_बाजू
निशिगंध यांचा प्रतिसाद वाचून माझा मुद्दा थोडा तरी कळला असेल अशी आशा. तिला विचारा, एवढंच मी म्हणत होतो.

कृष्णाकाठची
@दुसरी_बाजू हे मात्र खरं. फक्त हे विचारायला तिथे कोणीतरी हजर पाहिजे, आणि ती विचारणारी सासरची नको.

सेवानिवृत्त_भाऊसाहेब
मी महसूल खात्यातून रिटायर झालो. कागदाचा विषय निघालाच आहे तर सविस्तर लिहितो, बचत गटाच्या भगिनींनी उतरवून घ्यावे.

वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला, वारसांची नावे असलेला अर्ज आणि प्रतिज्ञापत्र तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, पण गावात तलाठीच म्हणतात) द्यायचे. ऑनलाईन ई-हक्क मधूनही करता येते. कायद्याने तीन महिन्यांच्या आत कळवणे अपेक्षित आहे. फेरफार धरला की हितसंबंधितांना नोटीस, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतात. हिंदू उत्तराधिकार कायद्याने बायको ही पहिल्या वर्गाची वारस आहे, मुलांच्या बरोबरीने. दिराची संमती वगैरे काही लागत नाही, ही गैरसमजूत मी नोकरीभर ऐकली. मात्र एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित जमीन असेल तर हिस्सा किती हा प्रश्न वेगळा, त्याला वेळ लागतो, पण म्हणून नाव लावायचे थांबवायचे नाही.

२०२५ मध्ये शासनाने जिवंत सातबारा मोहीम काढली, मयत खातेदारांची नावे कमी करून वारसांची लावायची. त्यात बऱ्याच बायांची नावे लागली. ज्यांची राहिली असतील त्यांची यादी गटाने करावी.

पेन्शनचे म्हणाल तर संजय गांधी निराधार योजना आहे, महिना पंधराशे, तहसीलमध्ये अर्ज. आणि दारिद्र्यरेषेखालील घरातला कर्ता माणूस साठीच्या आत गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी वीस हजार मिळतात, हे निम्म्या गावांना माहीतच नसते.

निर्मोही
भाऊसाहेब, निराधारची उत्पन्नाची अट मात्र वर्षाला एकवीस हजार! रोजगार हमीवर थोडे दिवस गेली तरी बाई त्याच्या वर जाते. हा आकडा कोणत्या शतकातला आहे?

सेवानिवृत्त_भाऊसाहेब
आकडा जुनाच आहे, मी काय सांगू. दाखले मात्र मिळतात.

खवचट_काका
'दाखले मात्र मिळतात' या तीन शब्दांत पूर्ण महसूल खातं आलं.

सेवानिवृत्त_भाऊसाहेब
काका, मी रिटायर आहे, हसायची मुभा आहे मला :)

मांडवीतीर
गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा समान नागरी कायदा आहे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरतात, म्हणजे निम्मी बायकोची आधीपासूनच. नवरा गेला तर तिचा निम्मा हिस्सा तिचाच, उरलेल्या निम्म्याची वाटणी वारसांत. आता वाटेल की म्हणजे गोव्यात विधवांचा प्रश्न सुटला. तर नाही. आमच्या वाड्यावर अजूनही हळदीकुंकवाचं बोलावणं करणारी मुलगी विधवेचं दार सोडून पुढे जाते. तेव्हा कागद पाहिजे, निशिगंधांशी सहमत, पण नुसत्या कागदाने होतं असंही नाही.

बे_एरियातला_बंड्या
दार सोडून पुढे जाण्यावरून, इकडे अमेरिकेत आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवाच्या ईमेलमध्ये 'सर्व महिलांना आमंत्रण' असतं. पण मागच्या वर्षी एका काकूंचे मिस्टर गेले आणि त्या आल्या तर वाण देताना दोघी जणी अशा गोंधळल्या की विचारू नका. शेवटी काकूच म्हणाल्या, दे गं, स्टीलचा डबा आहे, अॅटमबाँब नाही.

सदाफुली
काकू रॉक्स!

पेठेतला
पुण्यातल्या सोसायट्यांतही तेच. फक्त इथे पाटी नसते एवढाच फरक. खेड्यांना नावं ठेवू नयेत.

कायदेकानू
पेठेतला, कुणी ठेवली खेड्यांना नावं?

पेठेतला
जनरल बोललो.

शिवारातली_सुमन
मी जालना जिल्ह्यातली, एकल महिलांच्या कामात आहे. कोरोनात आमच्या तालुक्यात कमी वयाच्या बऱ्याच बायका विधवा झाल्या. त्या वेळी हेरंब कुलकर्णींच्या पुढाकाराने एकल महिला पुनर्वसनाच्या समित्या गावोगाव झाल्या, त्या धक्क्याने शासनाने मिशन वात्सल्य काढलं, तालुक्याला समिती, एका छताखाली सगळ्या योजना वगैरे. काही तालुक्यांत चांगलं चाललं, काही ठिकाणी बैठकीचा चहा झाला. जिथे बाया स्वतः यादी घेऊन तहसीलदारासमोर बसल्या तिथे काम झालं, जिथे एखादा पुढारी बायांच्या वतीने गेला तिथे पुढाऱ्याचं काम झालं.

आम्ही शिकलो त्यातलं तुमच्या उपयोगाचं सांगते. एक म्हणजे गटात निदान निम्म्या विधवा पाहिजेत, नाहीतर सुवासिनी विधवांचा उद्धार करतायत असं चित्र होतं आणि निशिगंधताईंनी लिहिलं तसं स्टेज उभं राहतं. आणि दहाव्याचं प्रवचन! आमच्याकडे आणि तुमच्याकडेही दशक्रियेला कीर्तनकार, प्रवचनकार बोलावतात, शे-दोनशे माणूस मुकाट बसलेलं असतं, कावळा शिवायची वाट बघत. तेवढा वेळ गावात दुसऱ्या कुणाच्या बोलण्याला मिळत नाही. आम्ही परिसरातल्या महाराजांकडे गेलो, सहा-सात जण होते, दोघांनी उडवून लावलं, एकाने तर आम्हालाच धर्म शिकवला, पण तिघं तयार झाले. ते प्रवचनात सांगतात की गेलेल्याच्या मागे राहिलेल्या माउलीचा मान ठेवा, तिच्या नावावर जमीन करा. आमच्या शंभर मीटिंगांनी जे होत नव्हतं ते महाराजांच्या एका वाक्याने होतं. राग येतो कधी कधी, पण होतं.

आबा_मळेकर
हे बेस सांगितलं. आमच्याकडं दहाव्याला पुढारीच लई. श्रद्धांजली वाहायला इतकी रांग लागती की कावळा कंटाळून जातोय.

खवचट_काका
कावळ्यालाही आचारसंहिता लावा.

वऱ्हाडी_ठेचा
सुमनताई, महाराज लोकायले आमच्याकडे कोण समजावन? ते तर उलटं सांगतेत.

शिवारातली_सुमन
@वऱ्हाडी_ठेचा सगळे नाही सांगत. वारकरी परंपरेतल्या एखाद्या तरुण कीर्तनकाराला गाठा, आणि शक्यतो ज्याच्या स्वतःच्या घरात आई किंवा बहीण एकटी आहे त्याला. आम्हाला जे तीन मिळाले त्यातले दोघं विधवा आईने वाढवलेले होते.

दुसरी_बाजू
मला एक कळत नाही, मग ग्रामसभेचा ठराव हवाच कशाला? आजी समजावल्या, महाराज समजावले, सातबारा केला. ठरावाचा उपयोग काय?

निर्मोही
प्रश्न चांगला आहे. माझ्या मते ठराव म्हणजे परवानगी आहे. ज्या सुनेला, ज्या मुलाला आधीपासून हे नको होतं पण भावकीसमोर बोलायची हिंमत नव्हती, त्याला म्हणता येतं की आमच्या गावाने ठरवलंय, मी काय करू. खापर फोडायला गाव मिळतं. माझ्या मित्राने वडील गेल्यावर हेच केलं, चुलत्यांना म्हणाला ठराव आहे काका, आणि आत जाऊन आईजवळ बसून राहिला. ठराव नसता तर पोरगं शहाणं झालंय म्हणून त्यालाच बाहेर काढला असता.

कायदेकानू
निर्मोहीशी सहमत. फक्त ठराव नीट झालेला असावा. ग्रामसभेचा कोरम मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातला कमी असेल तो. कोरमअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की कोरम लागत नाही, आणि बरेच 'ऐतिहासिक' ठराव अशा तहकूब सभेत दहा माणसांत होतात. शिवाय ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं बंधनकारक आहे. तुमच्या गावात ती खरंच भरते की रजिस्टर घरोघर सह्यांना फिरतं?

कृष्णाकाठची
@कायदेकानू फिरतं :( शिपाई घेऊन येतो, आम्ही भाकऱ्या करता करता सह्या करतो.

कायदेकानू
मग तिथून सुरुवात करा. पुढच्या वेळी सही करू नका, शिपायाला सांगा आम्ही ग्रामपंचायतीत येतो, सभा भरवा.

इतिहासवेडा
सातबाऱ्यावरून आठवलं. शेतकरी संघटनेने चांदवडला १९८६ मध्ये बायकांचं प्रचंड अधिवेशन घेतलं होतं, आणि नंतर लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला, नवरा जिवंत असतानाच बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करून द्यायचा. ज्या गावात शंभर जण देतील तिथे शरद जोशी स्वतः जायचे. शेकडो गावांनी केलं. म्हणजे विधवा होण्याची वाट न बघता.

शिवारातली_सुमन
हो! आणि त्याहून सोपी गोष्ट ग्रामपंचायतीच्याच हातात आहे. जमीन महसूल खात्याकडे, पण गावठाणातल्या घराची नोंद, नमुना आठ, ग्रामपंचायतीकडे असते. घर नवराबायको दोघांच्या नावावर लावायचा शासन निर्णय जुनाच आहे. ग्रामसेवकाने मनावर घेतलं तर एका मोहिमेत पूर्ण गाव होतं. पुरुष जमिनीला नाही म्हणतात पण घराला तितकं नाही म्हणत, विशेषतः घरकुलाच्या वेळी दोघांची नावं लागतात हे माहीत झाल्यापासून.

खवचट_काका
माझ्या घरात पाटीवर दोघांची नावं आहेत आणि रिमोट एकीकडे. नमुना आठला कोण विचारतो.

निशिगंध
काका, विचारतात हो. नवरा गेल्यावर सगळे विचारतात.

खवचट_काका
खरंय ताई. हे मान्य.

कृष्णाकाठची
मंडळी, दोन दिवस धाग्यावर नव्हते, गटाची बैठक झाली. दंडाचा विषय संपला, पोरांना बहिष्काराच्या कायद्याचं सांगितल्यावर गप्प बसली. ८ मार्चचा स्टेजही रद्द, त्यावर मात्र बरीच बोलाचाली झाली कारण साड्यांसाठी एक जण पैसे द्यायला तयार होता. तो नाराज आहे. असू दे.

गटात आता गावातल्या पाच विधवा बायका आल्यात, त्यातली एक आमच्या गल्लीतली तीच. तिने स्वतःच सांगितलं की तिच्या मोठ्या जावेला गटात घ्या, तिनेच माझे हात धरले होते, तिलाच घ्या. आधी आम्हाला वाटलं ही रागाने बोलतीये, पण नाही, ती म्हणाली की जाऊ त्या दिवसापासून माझ्या डोळ्याला डोळा देत नाही, तिला काहीतरी करायचंय पण कळत नाहीये. आबांची आजी आम्हाला आमच्या गल्लीतच सापडली म्हणायची.

पहिलं काम वारस नोंदीची यादी. आत्तापर्यंत अकरा घरं निघालीत जिथे माणूस गेलाय आणि बाईचं नाव लागलेलं नाही, त्यातली दोन तर वीस वर्षांपूर्वीची. भाऊसाहेब, एका ठिकाणी सासऱ्यांच्याच नावावर सगळं आहे, तेही गेलेत आणि नवराही गेलाय, तिथे काय करायचं?

सेवानिवृत्त_भाऊसाहेब
आधी सासऱ्यांची वारस नोंद, त्यात मयत मुलाचे वारस म्हणून सुनेचे व नातवंडांचे नाव लागते. दोन्ही मृत्यूचे दाखले जोडा. वीस वर्षांपूर्वीच्या केसमध्ये दाखला नसेल तर आधी मृत्यूची नोंद करून घ्यावी लागेल, उशिराच्या नोंदीची वेगळी प्रक्रिया आहे, त्याला वेळ लागतो, म्हणून ते आधी हातात घ्या. तलाठी अर्ज घेत नसेल तर आवक-जावकला देऊन पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका, हे महत्त्वाचे.

आबा_मळेकर
त्या जावबाईस्नी गटात घेतलं हे लई भारी काम झालं.

दुसरी_बाजू
शुभेच्छा. मी पूर्ण सहमत नाही अजून, पण यादीचं काम चांगलं आहे. आमच्या गावी आईच्या घराची नोंद कुणाच्या नावावर आहे ते बघायला सांगितलंय भावाला. आजोबांच्याच नावावर निघाली.

कृष्णाकाठची
@दुसरी_बाजू :) लावून घ्या.
सुमनताई, नमुना आठला दोघांची नावं लावायचा विषय पुढच्या महिला सभेत घेतोय, सभा खरी भरवणार, सह्यांची नाही. ग्रामसेवक म्हणतोय नवऱ्याचं संमतीपत्र प्रत्येकाचं स्टॅम्प पेपरवर लागेल. तुमच्याकडे कसं केलं?

शिवारातली_सुमन
आमच्याकडे साध्या अर्जावर नवऱ्याची सही घेतली, स्टॅम्प पेपर नाही मागितला. त्याला म्हणावं तसा लेखी नियम दाखव. आमच्या अर्जाचा नमुना व्यनि करते, गावाचं नाव बदलून वापरा.